एकेक अल्फा मोजत: आयसोल्डमधला बिस्मथचा रन

बिस्मथ-१९१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, साधारण १२ सेकंद (१९१ म्हणजे न्यूक्लियसमधल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज). बिस्मथ-१८८ चं तर सेकंदाच्याही आत. हे निसर्गात कुठे सापडत नाहीत, बाटलीत भरून ठेवता येत नाहीत, जिथे बनवायचे तिथेच लगेच मोजायचे आणि मोजता मोजता ते संपतात. आणि आम्हाला काढायचं काय असतं, तर त्यांच्या न्यूक्लियसचा (अणुकेंद्राचा) आकार, म्हणजे किती मोठा आहे आणि गोल आहे का लांबट. पीएचडीच्या निमित्ताने मी जिनिव्हाजवळ सर्नच्या आयसोल्डमध्ये, म्हणजे असे अल्पायुषी अणू बनवून मोजायच्या प्रयोगशाळेत, बिस्मथच्या रनला (सलग मोजणीच्या सत्राला) होते, त्याबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आपल्याकडे सर्न म्हटलं की गाडी हिग्ज कण आणि एलएचसीच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यापाशी थांबते. आयसोल्ड १९६७ पासून चालू आहे, एलएचसीच्या कितीतरी आधीपासून, आणि तिथे काय चालतं हे मराठीत फारसं कुणी सांगत नाही.

माझी सुरुवात गॅमा किरणांपासून झाली. एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या वेळी कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १४ मेगाव्होल्टचा पेलेट्रॉन हा प्रवेगक पाहिला होता, तिथे गॅमा मोजणारे इंगाचे क्लोव्हर डिटेक्टर गोलाकार लावलेले, आणि तेव्हा डोक्यात पक्कं बसलं होतं की न्यूक्लियसबद्दल काही कळवून घ्यायचं तर त्याच्यातून जे बाहेर पडतं ते मोजायचं, गॅमा, अल्फा (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा), बीटा (इलेक्ट्रॉन), जे काय असेल ते. लेसर हा अणूवाल्यांचा विषय, इलेक्ट्रॉनचा, आपला काय संबंध असं वाटायचं. लेसरने न्यूक्लियस मोजतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच विश्वास बसला नव्हता.

तर ते कसं, ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. अणूतले काही इलेक्ट्रॉन, विशेषतः एस कक्षेतले, न्यूक्लियसच्या आतसुद्धा थोडा वेळ असतात. न्यूक्लियस जरा फुगला की त्या इलेक्ट्रॉनना जाणवणारी ओढ बारीकशी कमी होते आणि त्यांची ऊर्जेची पातळी सरकते, म्हणजे अणू ज्या ठरावीक फ्रीक्वेन्सीचा प्रकाश शोषतो, ज्याला रेषा म्हणतात, तीही सरकते. जड मूलद्रव्यांमध्ये हे सरकणं गिगाहर्ट्झमध्ये असतं. बिस्मथसाठी जो प्रकाश लागतो तो ३०७ नॅनोमीटरच्या आसपासचा, अल्ट्राव्हायोलेट, त्याची फ्रीक्वेन्सी साधारण पावणेदहा लाख गिगाहर्ट्झ. त्यात दोनचार गिगाहर्ट्झ इकडे तिकडे झालेले ओळखायचे. आणि त्यावरून न्यूक्लियसच्या त्रिज्येतला फरक काढायचा, जो एका न्यूट्रॉनमागे एका फेमटोमीटरचे (मीटरच्या अब्जांशाच्या दशलक्षांशाचे) काही हजारांश एवढाच असतो. शिवाय न्यूक्लियसला स्वतःचं चुंबकत्व असेल तर तीच एक रेषा फुटून तिच्या अनेक रेषा होतात, त्याला हायपरफाइन म्हणतात, त्यातून स्पिन (न्यूक्लियसची फिरकी) आणि मोमेंट (चुंबकत्व किती ते) कळतात. म्हणजे न्यूक्लियसला हातही न लावता फक्त त्याच्या इलेक्ट्रॉनना विचारून एवढं सगळं.

बिस्मथच का, त्याला पाऱ्याचा इतिहास आहे. १९७२ मध्ये याच आयसोल्डमध्ये पाऱ्याचे हलके हलके आयसोटोप (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी कमी) मोजत जाताना दिसलं की १८५ ला त्रिज्या एकदम उडी मारते. न्यूट्रॉन कमी केले तर न्यूक्लियस लहान व्हायला हवा, इथे उलटच मोठा झाला, आणि गंमत म्हणजे पुढे शेजारचे सम आकड्यांचे पारे मोजले तर ते शिस्तीत लहानच होत होते. एक लांबट, एक गोल, एक लांबट, एक गोल. असा खेळ दुसरीकडे कुठेच माहीत नव्हता. हे संपतं कुठे ते कळायला २०१८ उजाडलं, तेव्हा १७७ पर्यंत मोजून दाखवलं की १८० पासून खाली पुन्हा सगळे गोलाकडे वळतात. आणि २०२१ मध्ये तशीच उडी बिस्मथ-१८८ मध्ये सापडली. आता बेरीज वजाबाकी करून बघा, पारा-१८५ मध्ये प्रोटॉन ८०, न्यूट्रॉन १०५. बिस्मथ-१८८ मध्ये प्रोटॉन ८३, न्यूट्रॉन किती? पुन्हा १०५. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि बिस्मथवरच काम करायचं हे तिथेच ठरलं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सर्नच्या बूस्टर या प्रवेगकातून १.४ जीईव्हीचे (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे) प्रोटॉन येतात, एका पल्समध्ये साधारण ३ वर १३ शून्यं इतके, दोन पल्समध्ये १.२ सेकंद किंवा त्याच्या पटीत अंतर. ते युरेनियम कार्बाइडच्या टार्गेटवर आदळतात आणि युरेनियमच्या चिरफळ्या उडून शेकडो प्रकारचे आयसोटोप तयार होतात, त्यात आपल्याला हवा तो थोडासा. टार्गेट दोन हजार अंशांच्या आसपास तापवलेलं असतं म्हणजे अणू त्यातून झिरपत बाहेर येतील. बाहेर येऊन ते एका बारीक गरम नळीत शिरतात, आतला व्यास ३ मिलिमीटर, आणि वीसेक मीटर लांबच्या लेसर रूममधून आरशांवरून आणलेले तीन रंगांचे लेसर बरोबर त्या नळीत सोडलेले असतात. ती जुळवाजुळव करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे, तीन किरण, एकमेकांवर, तेवढ्याशा भोकात, दिवसरात्र. पहिला रंग इलेक्ट्रॉनला एक पायरी चढवतो, दुसरा अजून एक, तिसरा त्याला अणूतून बाहेर काढतो, बिस्मथसाठी एकूण ७.२९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. झाला आयन. मग त्याला ३० ते ६० किलोव्होल्टने खेचायचं, मॅग्नेटमधून वळवायचं, वस्तुमान १९१ वाले तेवढे पुढे.

मुद्दा असा की पहिल्या पायरीचा लेसर जरा जरी फ्रीक्वेन्सीवरून हलला तर आयन बनतच नाहीत. म्हणून तो लेसर बारीक बारीक सरकवत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी किती आयन आले ते मोजायचं, की रेषेचा आलेख मिळतो. ऐकायला सोपं आहे. पण मोजायचे कसे? आयन येतायत सेकंदाला मूठभर, कधी तेही नाही, आणि त्यांच्यासोबत थॅलियमचा लोंढा. थॅलियमला आयन व्हायला लेसर लागतच नाही, ६.१ इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये काम होतं, त्यामुळे त्या तापलेल्या नळीच्या भिंतीला नुसता लागला तरी आयन होतो, आणि त्याच वस्तुमानाचा असेल तर मॅग्नेटलाही फरक कळत नाही. नुसता करंट मोजला तर सगळा थॅलियमच दिसेल.

इथे अल्फा कामाला येतो. हे हलके बिस्मथ अल्फा सोडतात आणि प्रत्येकाच्या अल्फाची ऊर्जा ठरलेली असते, दुसऱ्या कुणाशी सहसा जुळत नाही. त्यामुळे करंट मोजायचाच नाही, आयन एका फॉइलमध्ये रुतवायचे आणि ते मरताना सोडतात तो अल्फा मोजायचा. ज्या यंत्रात हे होतं त्याला सगळे विंडमिल म्हणतात. एक चाक, त्यावर कार्बनच्या फॉइल, जाडी शंभर नॅनोमीटरच्या आसपास, एवढी पातळ की फ्रेमवर ताणलेली फॉइल हातात घेतली तर तिच्यातून पलीकडचं दिसतं आणि श्वास लागला तरी फाटेल अशी भीती वाटते. फॉइलच्या पुढे एक सिलिकॉन डिटेक्टर, त्याच्या मध्यभागी भोक, त्या भोकातूनच बीम आत येतो, आणि मागे दुसरा अख्खा डिटेक्टर. अल्फा पुढे उडाला तरी सापडतो, मागे उडाला तरी फॉइल ओलांडून सापडतो. मग ठरल्या वेळाने चाक फिरतं, ताजी फॉइल समोर, जुनी दुसऱ्या डिटेक्टरच्या जोडीसमोर, तिथे जास्त जगणारे निवांत मोजले जातात.

रनच्या आधीचा भाग मी भराभर सांगते. रेडिएशनचे ऑनलाइन कोर्स, प्रत्यक्ष ट्रेनिंग, छातीवर रेडिएशन मोजणारा डोसीमीटर, हॉलमधून बाहेर पडताना हात आणि पाय मॉनिटरमध्ये घालून हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं. टार्गेट बदलायचं काम माणूस करतच नाही, रोबो करतात. अल्फाचं तसं आहे की साधा कागदही त्याला अडवतो, बाहेरून तो काही करत नाही, पण अल्फा सोडणारा पदार्थ श्वासातून किंवा जेवणातून शरीरात गेला तर फार वाईट, त्यामुळे विंडमिल उघडायची वेळ येते तेव्हा ग्लोव्ह्ज, रेडिएशन प्रोटेक्शनची माणसं शेजारी, प्रत्येक स्पॅनर पुसून तपासायचा. मला ही शिस्त आवडली. पहिल्या दिवसापासून कुणी घाई करताना दिसलं नाही.

डिटेक्टरचं कॅलिब्रेशन प्लुटोनियम-२३९, अमेरिशियम-२४१ आणि क्युरियम-२४४ च्या मिश्र सोर्सने केलं. ५१५७, ५४८६ आणि ५८०५ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट), त्यांच्या अल्फांच्या ऊर्जेचे हे तीन आकडे इतक्या वेळा बघितलेत की झोपेतही सांगेन.

आणि मग रात्रीची शिफ्ट. आयसोल्डमध्ये वेळ आठ तासांच्या शिफ्टमध्ये मोजतात, प्रपोजल लिहितानाच किती शिफ्ट हव्या ते मागायचं आणि समिती त्यातून काही देते, त्यामुळे मिळालेला प्रत्येक तास मोलाचा, रात्र असो नाहीतर रविवार. कंट्रोल रूममध्ये आम्ही तिघं होतो. लेसर बघणारा एक जण, डेटा बघणारी मी, आणि आमचे एक सीनियर पोस्टडॉक ज्यांना सगळे अहोजाहो न करता नावानेच हाक मारायचे, मला ते जमायला बरेच दिवस लागले, तोंडातून आपोआप सर निघायचं. आधी बिस्मथ-२०९ चा स्कॅन घेतला, तो भरपूर असतो, आयन गोळा करणाऱ्या साध्या फॅराडे कपवर करंट दिसतो. हाच आपला संदर्भ, सगळे फरक याच्यापासून मोजायचे आणि मधे मधे परत याच्याकडे येऊन बघायचं की आपलं काही सरकलं नाही ना. आपण स्थिर म्हणतो तो बिस्मथ-२०९ सुद्धा अल्फा सोडतो हे २००३ मध्ये फ्रान्समध्ये मोजलं गेलं, अर्धायुष्य २ वर १९ शून्यं वर्षं. आणि त्याच मूलद्रव्याचा भाऊ आमच्या फॉइलवर १२ सेकंदात निम्मा.

मग मॅग्नेट १९१ ला लावला. लेसर पहिल्या पायरीवर ठेवला आणि आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो. सुरुवातीला काहीच नाही, अल्फाच्या स्पेक्ट्रममध्ये इकडे एक काउंट (मोजलेला एक अल्फा), तिकडे एक काउंट. लेसर पुढे सरकला, तेच. अजून पुढे. आणि मग ६३०८ केईव्हीला काउंट पडायला लागले, आधी एक, मग प्रोटॉनच्या पल्समागून दोन तीन एकदम, आणि बघता बघता तिथे टोक उभं राहिलं, अगदी सरळ उभं, शेजारी काही नाही. लेसर अजून पुढे नेला तसं ते पुन्हा मंदावलं आणि थांबलं. पंचवीसेक गिगाहर्ट्झ पुढे गेल्यावर दुसरा गट आला. लेसरवाला तिकडून विचारतोय, येतंय का, आणि मी नुसतंच येतंय येतंय म्हणतेय. लेसर जिथे नेऊ तिथे अल्फा वाढतो नाहीतर थांबतो, हे समोर घडताना बघणं आणि पेपरात आलेख बघणं यात खूप फरक आहे. लाल दिव्याखालच्या त्या खोलीत एक माणूस बटण फिरवतोय आणि त्यामुळे हॉलमध्ये काही मीटरवर न्यूक्लियस मरताना दिसतायत किंवा दिसत नाहीयेत.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही नाही. बिस्मथ-१९१ चे दोन प्रकार आहेत. एक ग्राउंड स्टेट, स्पिन ९/२, त्याचा अल्फा ६३०८. दुसरा आयसोमर, त्याच न्यूक्लियसची थोडी जास्त ऊर्जेची अवस्था, स्पिन १/२, अर्धायुष्य १२५ मिलिसेकंद आणि त्याचा अल्फा ६८७० केईव्ही. दोघांचं वस्तुमान मॅग्नेटच्या दृष्टीने एकच, दोघं एकाच बीममध्ये, एकाच फॉइलवर. आणि तरीही डेटा घेऊन बसलं की फक्त एवढंच करायचं, आधी ६३०८ वर गेट लावून, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेचे अल्फा निवडून, फ्रीक्वेन्सीचा आलेख काढायचा, मग तोच डेटा, तोच स्कॅन, पण गेट ६८७० वर. दोन वेगळे आलेख येतात. टोकं वेगळ्या जागी, संख्या वेगळी. ९/२ वाल्याला नियमाप्रमाणे सहा रेषा असतात, त्या नळीतल्या उष्णतेमुळे पसरून दोन गटांत मिसळलेल्या दिसतात. १/२ वाल्याला फक्त तीन. लेसरला एकट्याला हे वेगळं करता आलं नसतं आणि अल्फाला एकट्याला त्रिज्या माहीत नाही. लेसरवाले आणि डिकेवाले (न्यूक्लियसचा क्षय मोजणारे) असे दोन गट जे एरवी वेगवेगळ्या कॉन्फरन्सला जातात ते इथे एकाच टेबलावर का बसतात ते मला त्या आलेखात कळलं.

शिवाय स्पिन १/२ असलेल्या न्यूक्लियसची एक अडचण असते. आकार लांबट आहे का हे एरवी क्वाड्रुपोल मोमेंटवरून (न्यूक्लियसमधला विद्युतभार गोलापासून किती ओढला गेलाय त्याच्या मापावरून) सांगतात, पण स्पिन १/२ असेल तर तो हायपरफाइनमध्ये दिसतच नाही, न्यूक्लियस कितीही लांबट असला तरी. मग उरते ती फक्त त्रिज्या. तेवढ्याच आकारमानाचा गोळा ओढून लांबट केला तर त्याच्या त्रिज्येच्या वर्गाची सरासरी वाढते, म्हणून शेजाऱ्यांपेक्षा त्रिज्या विनाकारण मोठी दिसली तर समजायचं की हा लांबट आहे. म्हणजे दुसरा मार्गच नाही, रेषेची जागाच अचूक मिळवावी लागते.

पहाटे लेसरची पॉवर थोडी थोडी उतरायची, खोलीचं तापमान बदललं तरी फरक पडतो, मग थांबून सगळं परत जुळवायचं, परत २०९, परत १९१. मधल्या वेळात कॉफी. आईचा फोन यायचा तो आपल्याकडे सकाळ झालेली असायची तेव्हा, म्हणजे बरोबर माझी शिफ्ट चालू असताना. एकदा तिने विचारलं, अगं पण त्या बिस्मथचं करायचं काय? मी तिला बिस्मथ-२१३ बद्दल सांगितलं, तो ॲक्टिनियम-२२५ पासून मिळतो, ४६ मिनिटांचं अर्धायुष्य, आणि कॅन्सरच्या पेशींवर अल्फा सोडून उपचार करण्यासाठी दोघांचाही अभ्यास चालू आहे. सर्नमध्येच मेडिसिस म्हणून विभाग आहे तिथे असे औषधी आयसोटोप वेगळे करतात आणि तिथेही हेच लेसरचं तंत्र वापरतात. पण हेही सांगितलं की आई, मी मोजते ते बिस्मथ औषधाचे नाहीत, ते फक्त न्यूक्लियस असा का वागतो हे कळावं म्हणून आहेत. ती म्हणाली, मग तेही कळायला हवंच की. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

रन संपल्यावरचं काम मात्र लांबतं. प्रत्येक स्कॅनमध्ये लेसरची खरी फ्रीक्वेन्सी, प्रोटॉन किती आले त्याप्रमाणे काउंट सारखे करणं, टोकांचा फिट (मोजलेल्या बिंदूंवर गणिती वक्र बसवणं), त्याच्या चुकांचा अंदाज, आणि शेवटी फ्रीक्वेन्सीतल्या फरकाचं त्रिज्येत रूपांतर, ज्याला अणूच्या रचनेची गणितं लागतात आणि ती वेगळीच माणसं करतात. आमच्या ग्रुपमध्ये एक फिट दोन जण स्वतंत्रपणे करतात, एकमेकांचा कोड न बघता. आकडे जुळले तरच पुढे. मला हे आधी वेळखाऊ वाटायचं, आता वाटत नाही.

या सगळ्यात माझ्या डोक्यात सतत नोबेलियमचं काम असायचं. जर्मनीत डार्मस्टाटला जीएसआय या संशोधन केंद्रात शिशावर कॅल्शियम-४८ आदळवून नोबेलियम-२५४ बनवतात, १०२ प्रोटॉन, अर्धायुष्य ५१ सेकंद, आणि मिळतात किती तर सेकंदाला मोजून चारेक आयन. ते आरगॉन वायूत थांबवायचे, टँटलमच्या तारेवर गोळा करायचे, तार तापवून परत अणू म्हणून उडवायचे, मग लेसर आणि मग शेवटी पुन्हा तेच, अल्फा मोजायचा. तिथे तर रेषा कुठे असेल हेच कुणाला माहीत नव्हतं, नोबेलियमच्या अणूची एकही रेषा त्याआधी कुणी पाहिलेली नव्हती, फक्त गणिताने अंदाज बांधलेले. ती सापडली ते २०१६ मध्ये छापून आलं. आमच्याकडे निदान बिस्मथ-२०९ तरी होता हाताशी. रात्री काउंट येईनासे झाले की मी त्या लोकांचा विचार करायचे, रिकामा स्पेक्ट्रम बघत लेसर पुढे पुढे सरकवत राहणारे, आणि मग पुढचा स्टेप घ्यायला हुरूप यायचा.

सध्या आमचं ९/२ वाल्याचं विश्लेषण जवळजवळ झालंय. १/२ च्या आयसोमरची गोष्ट अवघड आहे, १२५ मिलिसेकंदात टार्गेटमधून बाहेर यायच्या आतच त्यातले बहुतेक संपतात, त्यामुळे ६८७० वर काउंट फार थोडे. तीन रेषांपैकी दोन स्वच्छ दिसतात, तिसरी कमजोर आहे आणि ती आहे असं मला वाटतं, पण जो दुसरा फिट करतोय त्याला ती अजून मान्य नाही, आणि आत्ताच्या काउंटवर त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही हे मला मान्य आहे. म्हणून पुढच्या प्रपोजलमध्ये फक्त त्या भागासाठी वेगळ्या शिफ्ट मागितल्यात, स्टेप बारीक आणि प्रत्येक स्टेपवर जास्त वेळ, बाकी काही नाही.